पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची मतदार यादी आणि कारकून वर्ग (१९४७-१९५२)

प्रस्तावना :

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा इतिहास सामान्यतः नेते, पक्ष व प्रचारसभा यांच्या आधारे लिहिला जातो. मतदान २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात झाले. परंतु त्याची पूर्वतयारी सुमारे चार वर्षे आधीच कचेऱ्यांमधून सुरू झाली होती. ती प्रामुख्याने पटवारी, तलाठी, कारकून, टंकलेखक अशा कनिष्ठ नोकरवर्गाच्या हातून पार पडली. या वर्गाने कोणते काम केले आणि यादीतील नावाचा एकच रकाना लाखो स्त्रियांच्या मताधिकाराच्या आड कसा आला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

जुनी यादी, नवी यादी :

१९३५ च्या कायद्यान्वये मताधिकार हा मालमत्ता, कर व शिक्षण यांच्याशी निगडित होता. त्यामुळे यादी तयार करताना महसुली दप्तराचा आधार मिळत असे. अनेक स्त्रियांना मत मिळाले ते पतीच्या मालमत्तेच्या पात्रतेवरून. साहजिकच दप्तरात तिची ओळख 'अमुकची पत्नी' अशी असणे कारकुनाला वावगे वाटत नसे. सर्व प्रौढांची यादी करणे प्रशासनाला झेपणारे नाही, असे ब्रिटिश अधिकारी सांगत आले होते.

संविधान सभेच्या सचिवालयाने नोव्हेंबर १९४७ मध्ये हा प्रश्न हाती घेतला आणि मार्च १९४८ मध्ये प्रांतांना व संस्थानांना सूचना पाठविल्या. त्या वेळी संविधान मंजूर झालेले नव्हते. निवडणूक आयोग तर २५ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाला. ओर्नित शानी यांच्या २०१८ मधील ग्रंथामुळे हा टप्पा अभ्यासकांसमोर सविस्तर आला. वय २१ वर्षे पूर्ण आणि ३१ मार्च १९४८ रोजी संपणाऱ्या वर्षात किमान १८० दिवसांचे वास्तव्य, या अटी कागदावर सोप्या होत्या. परंतु फाळणीनंतर छावण्यांत आलेल्या निर्वासितांचे १८० दिवस कोठून मोजावयाचे? येथे कायमचे राहण्याचा इरादा असल्याचे निवेदन पुरेसे मानावे, असा मार्ग सचिवालयाने काढला. एरवी पुराव्यावाचून पुढे न सरकणाऱ्या कचेरीने निवेदनावर नाव लिहून घेणे, हा बदल लहान नव्हे.

पुढे मतदारसंघ निश्चित झाल्यावर याद्या नव्याने जुळवाव्या लागल्या. त्यांच्या टंकलेखनासाठी व जुळवणीसाठी सुमारे १६,५०० कारकून सहा महिन्यांच्या कराराने नेमले गेले. छपाईला सुमारे ३,८०,००० रीम कागद लागला. एकूण मतदार सुमारे १७ कोटी ३२ लाख होते.

नावाचा रकाना :

या यादीतील सर्वांत मोठे वैगुण्य स्त्रियांच्या नावांसंबंधी होते. घरोघर नोंदणी होत असता अनेक स्त्रियांनी परक्या माणसास स्वतःचे नाव सांगितले नाही. अमुकची आई, तमुकची बायको एवढेच कागदावर आले. महाराष्ट्रात पतीचे नाव उघड घेऊ नये म्हणून स्त्रियांनी उखाण्याची वाट काढली होती. यादीच्या तक्त्यात तशी वाट नव्हती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी अमान्य ठरविल्या आणि खरे नाव न मिळाल्यास नोंद वगळावी, असा आदेश दिला. सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी २८ लाखांच्या आसपास स्त्रिया अशा रीतीने यादीबाहेर राहिल्या. त्यांतील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश येथील होत्या.

या घटनेचा दोष बहुधा स्त्रियांच्या संकोचावर किंवा रूढीवर टाकला जातो. प्रस्तुत लेखिकेस हे अपुरे वाटते. दाराशी उभा असलेला नोंदणी करणारा पुरुष असे, उत्तर देणाराही बहुधा घरातील पुरुषच असे. आणि त्या उत्तरावर समाधान मानण्याची सवय जुन्या यादीने लावलेली होती. स्त्री नोंदणीसेविका दारी गेल्या असत्या तर आकडा कितपत घटला असता, हा प्रश्न विचारणे म्हणूनच गैर नाही. सेन यांचा आदेश मात्र योग्यच म्हणावा लागेल. 'अमुकची पत्नी' मतदान केंद्रावर आली तर तिची ओळख पटविणार कोण? त्या नोंदी तशाच ठेवल्या असत्या तर तिचे मत पुन्हा पतीच्याच नावावर राहिले असते.

बिहारमध्ये नावे दुरुस्त करून घेण्यासाठी एक महिन्याची मुदत वाढवून देण्यात आली. त्या महिन्यात कारकुनांना तीच दारे पुन्हा ठोठवावी लागली, आणि या खेपेस प्रश्न घरधन्याला नव्हे, त्या स्त्रीला होता.