खडेबाजारातली पिशवी आणि तिचा भाव



खडेबाजारावर आपल्या पानावर आजवर बरंच लिहून आलंय. कापडाची दुकानं झाली, गणपतीतली गर्दी झाली, दिवाळीची खरेदी झाली. आज थोडा वेगळा विषय घेतो. बाजारातनं माल घरी कशातनं यायचा, आणि ते रिकामं झाल्यावर पुढं कुठं जायचं? विषय कचऱ्याचा आहे, पण इतिहास आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे.

साठ-सत्तरच्या दशकात खडेबाजार, गणपत गल्ली किंवा रविवार पेठेत जायचं म्हणजे हातात कापडी पिशवी आणि तेलासाठी किटली असायचीच. डाळ, साखर, रवा वर्तमानपत्राच्या पुड्यातनं यायचं. पुड्याचा दोरा आई सोडवून रिळाला गुंडाळून ठेवायची. देवाची फुलं पानात बांधून मिळायची. लग्नाच्या पंगतीला पत्रावळी आणि द्रोण, जेवणं झाली की उकिरड्यात, आणि पुढं शेतात खत. तिकडं निपाणीत तंबाखू बारदानातनं हलायचा आणि विडी टेंभुर्णीच्या पानात वळली जायची.

रिकाम्या वस्तूंचा प्रवास तर त्याहून मजेशीर. रद्दी वाण्याकडं किलोवर जायची आणि तिचेच पुडे परत घरात यायचे. बाटल्या भंगारवाल्याला, जुनी लुगडी बोहारणीला, त्यावर एखादं पातेलं. बारदानाला गिऱ्हाईक ठरलेलं. तांब्यापितळेची मोड घालून नवं भांडं घ्यायचं. आपल्या बोगारवेशीचं नावच मुळी तांब्यापितळेचा व्यापार करणाऱ्या बोगारांवरनं आलेलं.

आता कुणी म्हणेल, तेव्हाची माणसं निसर्गावर प्रेम करणारी होती. मी कॉमर्सचा माणूस, मला कारण साधं दिसतं. त्या प्रत्येक वस्तूला रिकामी झाल्यावरही भाव होता. ज्याला भाव आहे ते कुणी गटारात टाकत नाही.

मग प्लॅस्टिक आलं. पॉलिथिनचा शोध १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला. आज आपण ओळखतो ती बंडीच्या आकाराची पिशवी स्वीडनच्या स्टेन थुलीन या इंजिनिअरनं काढली. तिचं अमेरिकन पेटंट १९६५ चं. आपल्याकडं १९६९ साली बडोद्याला आयपीसीएल ही सरकारी कंपनी निघाली. नव्वदच्या दशकात हजिरासारखे खाजगी प्रकल्प आले आणि माल मुबलक झाला. सुरुवातीला आपण पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालायचो, आठवतंय का? ती फुकट मिळायला लागली आणि दोरीवरनं खाली उतरली.

बँकेत असताना भंगाराच्या व्यापाऱ्यांची स्टॉक स्टेटमेंट तपासायला यायची. लोखंड, पत्रा, काच, रद्दी, पुठ्ठा, फुटक्या बादल्या, पाइप. प्रत्येक ओळीपुढं वजन आणि दर. पातळ पिशवीची ओळ कधी दिसली नाही. हिशेब करून बघा. पिशवी ३ ग्रॅमची धरली, तर एक किलोला सव्वातीनशेच्या वर पिशव्या वेचाव्या लागतात, त्याही चिखलानं माखलेल्या. पाण्याची बाटली २० ग्रॅमची धरली तर ५० बाटल्यांत किलो होतो. बाटली, बादली वेगळी करून, धुऊन, दळून तिचे दाणे होतात आणि दाण्यांची नवी वस्तू. पिशवी धुण्याचा खर्चच तिच्या किमतीपेक्षा जास्त. शाम्पूच्या आणि चिप्सच्या पुड्या तर प्लॅस्टिकला ॲल्युमिनियम चिकटवून केलेल्या, त्या सुट्याच करता येत नाहीत. म्हणून वेचणारी बाई बाटली उचलते आणि पिशवी तिथंच ठेवते. तिचा काय दोष?

सरकारच्या मायक्रॉनच्या नियमामागंही एक कारण हेच. पिशवी जाड झाली की वजन वाढतं आणि उचलणाऱ्याला चार पैसे सुटतात. १९९९ साली किमान जाडी २० मायक्रॉन ठरली, २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०. पुढं २०२१ मध्ये ७५ आणि २०२२ च्या ३१ डिसेंबरपासून १२०.

आपल्या भागात त्यात सीमेचा घोळ. कर्नाटकानं मार्च २०१६ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर सरसकट बंदी घातली. जाड-पातळ हा प्रश्नच ठेवला नाही. महाराष्ट्राची बंदी मार्च २०१८ ची, कारवाई २३ जूनपासून. म्हणजे दोन वर्षं अशी गेली, की निपाणीत जी जाड पिशवी बेकायदा, तीच पलीकडं कागलला चालायची. एस.टी.तनं येणाऱ्या माणसाच्या हातातल्या पिशवीला कुठला नाका अडवणार? १९५६ पासून सीमेचं दुखणं आपण सोसतोय, पण पिशवीला भाषा नाही आणि राज्यही नाही.

ही बिनभावाची वस्तू शेवटी जाते कुठं? मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तुंबलेल्या गटारांतल्या पिशव्यांकडं सगळ्या राज्याचं लक्ष गेलं. पुराच्या अनुभवातनंच बांगलादेशानं २००२ मध्येच बंदी घातली होती. आपल्याकडं बळ्ळारी नाला आहे. गाळ, जलपर्णी आणि शहरातनं वाहत आलेला कचरा यांनी तो तुंबला की शहापूर, वडगावच्या शिवारात पाणी शिरतं, आणि बेळगावचा बासमती पिकवणाऱ्या शेतकऱ्याची लावणी कुजते. नाल्यात न गेलेला कचरा गाडीतनं तुरमुरीच्या डेपोत जातो. दुर्गंधीविरुद्ध तुरमुरीकरांनी कितीदा आवाज उठवलाय. शहराची पिशवी फुकट, तिची किंमत गावानं मोजायची, हा कुठला हिशेब?

उपाय माहीत नाही असं नाही. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातनंच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि वेचणाऱ्या बायकांना घरोघरी कचरा गोळा करण्याचं हक्काचं काम मिळालं. महाराष्ट्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला ५० पैसे आणि पाण्याच्या बाटलीला एक-दोन रुपये परत देण्याची तरतूद होती. आपल्या गोटी सोड्याच्या बाटलीचं डिपॉझिट तरी दुसरं काय होतं? बंदीनं वस्तू लपते, भावानं ती परत येते. माझ्या मते शाम्पूच्या पुडीपासून पिशवीपर्यंत प्रत्येकाला कंपनीनं परतीचा भाव द्यायला हवा, आणि तो वेचणाऱ्या बाईच्या हातात पडायला हवा.

तोवर आपल्या हातात एवढंच: सुका कचरा ओल्यात मिसळू द्यायचा नाही. कोरडी, स्वच्छ पिशवी निदान कुणी उचलेल तरी, खरकट्यानं भरलेली कुणीच उचलणार नाही. आणि बाजाराला जाताना कापडी पिशवी.

तुमच्या घरी रिकाम्या डब्या-बाटल्यांचं काय व्हायचं, मोड कुठल्या दुकानात घालायचात, ते जरूर लिहा. निपाणीकरांनी तर नक्कीच लिहावं.