चिठ्ठीने ठरवलेली बाजू

बार्सिलोनातला एक रस्ता. समोरासमोरच्या दोन इमारतींत बंदुका रोखलेल्या. गोळीबार जरा थांबतो तसा डेव्हिड कार हा लिव्हरपूलचा बेकार तरुण पलीकडे ओरडतो आणि उत्तर चक्क इंग्रजीत येतं. पलीकडचा गडी मँचेस्टरचा. दोघंही फ्रँकोशी लढायला घर सोडून आलेले, आणि आता एकमेकांवर नेम धरून बसलेले. तू आमच्या बाजूला का नाहीस, असं दोघंही एकमेकांना विचारतात. डेव्हिडला धड उत्तर देता येत नाही. केन लोच यांच्या ‘लँड अँड फ्रीडम’ (१९९५) या चित्रपटातला हा प्रसंग जेमतेम मिनिटभराचा आहे. पण त्याचं कूळ शोधायला गेलं की माग थेट १९३७च्या मे महिन्यात आणि एका खऱ्याखुऱ्या गच्चीवर जाऊन पोचतो.

जुलै १९३६मध्ये फ्रँकोसह स्पेनच्या सेनाधिकाऱ्यांनी निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केलं. बार्सिलोनात ते मोडून काढण्यात कामगार संघटनांचा वाटा मोठा होता. मग कारखाने, ट्राम, चित्रपटगृहंसुद्धा संघटनांच्या ताब्यात आली. शेजारच्या आरागॉनमध्ये गावागावांत जमिनी एकत्र कसायला सुरुवात झाली. सीएनटी ही अराज्यवाद्यांची कामगार संघटना यात आघाडीवर होती. तिच्या बाजूला पोउम हा छोटा मार्क्सवादी पक्ष होता. तो १९३५मध्ये स्थापन झालेला आणि स्टालिनचा कडवा टीकाकार. विरोधक त्याला त्रॉत्स्कीवादी म्हणून हिणवत, पण खुद्द त्रॉत्स्कीचंही पोउमचे नेते आंद्रेउ निन यांच्याशी बिनसलं होतं.

कम्युनिस्टांचं म्हणणं वेगळं होतं. आधी युद्ध जिंका, क्रांतीचं नंतर पाहू. शिस्तीचं एकसंध सैन्य उभारा. छोट्या शेतकऱ्याला आणि दुकानदाराला बिथरवू नका. लंडन-पॅरिसला घाबरवू नका. हे म्हणणं पोकळ नव्हतं. ब्रिटन आणि फ्रान्स ‘हस्तक्षेप नको’ म्हणत हात बांधून बसले होते, हिटलर-मुसोलिनी फ्रँकोला विमानं आणि माणसं पुरवत होते, आणि स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारला मोठ्या प्रमाणावर शस्त्रं देणारा देश मुख्यतः एकच होता, सोव्हिएत रशिया. रणगाडे ज्याचे, त्याच्या शब्दाला वजन. उलट बाजूचा सवालही तितकाच रोकडा होता. ज्या जमिनीसाठी शेतकरी जिवावर उदार झाला, तीच परत जमीनदाराला द्यायची असेल तर त्याने लढायचं कशासाठी?

३ मे १९३७ रोजी हा वाद रस्त्यावर आला, तो एका टेलिफोन एक्स्चेंजवरून. बार्सिलोनाच्या मध्यवर्ती चौकातली ती इमारत कामगार संघटनांच्या समितीकडे होती. आपली बोलणी तिथे चोरून ऐकली जातात, अशी सरकारची तक्रार होती. पोलीस ताबा घ्यायला आले, वरच्या मजल्यावरून गोळ्या सुटल्या आणि बघता बघता शहरभर बॅरिकेड्स उभ्या राहिल्या. पाचेक दिवसांत शेकडो माणसं मेली, आणि सगळीच फॅसिझमविरोधी. जूनमध्ये पोउमवर बंदी आली. निन यांना अटक झाली आणि सोव्हिएत हेरांनी त्यांचा गुप्तपणे खून केला.

त्या दिवसांत पोउमच्या कचेरीसमोर, पोलिओरामा चित्रपटगृहाच्या गच्चीवर रायफल घेऊन एक उंच इंग्रज पहाऱ्याला बसला होता. जॉर्ज ऑर्वेल. समोरच्या कॅफेत सरकारी शिपाई अडकलेले. गोळी कुणालाच झाडायची नव्हती. तुमच्यासारखेच आम्हीही कामगार आहोत, असं पलीकडून कुणी तरी ओरडून सांगतं. बिअर शिल्लक आहे का, अशीही विचारणा होते आणि संपली असं उत्तर येतं. ऑर्वेलने हे सगळं ‘होमेज टू कॅटलोनिया’त टिपून ठेवलं आहे. लोच यांच्या पडद्यावरचे लिव्हरपूल आणि मँचेस्टर याच गच्चीचे वारसदार.

गंमत अशी, की ऑर्वेल त्या बाजूला होता तो विचार करून नव्हे. स्पेनला जायला कागद हवेत म्हणून तो आधी ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे हॅरी पॉलिट यांच्याकडे गेला होता. त्यांना हा माणूस भरवशाचा वाटला नाही, त्यांनी नकार दिला. मग त्याने इंडिपेंडंट लेबर पार्टीची चिठ्ठी मिळवली. तो पक्ष पोउमचा मित्र, म्हणून चिठ्ठीवाला पोउमच्या बराकीत जाऊन पडला. आधी युद्ध, ही कम्युनिस्टांची भूमिका त्याला सुरुवातीला जास्त व्यवहारी वाटत होती. एप्रिलच्या अखेरीस रजेवर आला तेव्हा तो कम्युनिस्टांनी उभारलेल्या, परदेशी स्वयंसेवकांच्या इंटरनॅशनल ब्रिगेडमध्ये बदली मिळवण्याच्या खटपटीत होता. पॉलिटनी होकार दिला असता, तर तोही कदाचित माद्रिदच्या आघाडीवर गेला असता आणि बार्सिलोनाची बातमी त्याने पक्षाच्या वर्तमानपत्रातच वाचली असती.

दुसऱ्या दाराचं उदाहरण नागपूरचं आहे. गोपाळ मुकुंद हुद्दार हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. पत्रकारिता शिकायला लंडनला गेले, तिथे डाव्या वर्तुळात आले आणि ‘जॉन स्मिथ’ या नावाने इंटरनॅशनल ब्रिगेडमधून स्पेनमध्ये लढले. फ्रँकोच्या सैन्याने त्यांना पकडून तुरुंगात टाकलं. १९३८मध्ये सुटून ते मायदेशी परतले आणि पुढे कम्युनिस्ट झाले. ऑर्वेल पोउमच्या दारातून आत गेला, हुद्दार ब्रिगेडच्या. शत्रू एकच, पण परतताना ‘कम्युनिस्ट’ या शब्दाचा अर्थ दोघांनी अगदी उलटा घेतला.

ऑर्वेलच्या पुस्तकाला त्याच्या नेहमीच्या प्रकाशकाने, व्हिक्टर गोलान्झ यांनी, नकार दिला. १९३८मध्ये दुसऱ्याने दीड हजार प्रती छापल्या, त्याही ऑर्वेलच्या हयातीत संपल्या नाहीत. अमेरिकेत ते आलं १९५२मध्ये, म्हणजे शीतयुद्धाच्या ऐन भरात. क्रांती दाबली गेली म्हणून चिडलेल्या माणसाचं पुस्तक आता क्रांतीच नको असलेलेही कौतुकाने वाचू लागले.

पडद्यावर मात्र हा तंटा कितीतरी वर्षं आलाच नाही. योरिस इव्हेन्स यांचा ‘द स्पॅनिश अर्थ’ (१९३७) ऐन युद्धातला. त्याचं निवेदन हेमिंग्वेचं, आणि चित्र एकदिलाने लढणाऱ्या जनतेचं. आंद्रे माल्रो यांनी बॉम्ब पडत असताना बार्सिलोनात चित्रीकरण केलं, तिथेही घरातली भांडणं बाहेर ठेवली. हॉलिवूडने १९४३मध्ये ‘फॉर हूम द बेल टोल्स’ काढला तेव्हा राजकारण जवळपास पुसूनच टाकलं. खुद्द स्पेनमध्ये १९७५पर्यंत फ्रँको. मग सोव्हिएत संघ कोसळला, दप्तरं उघडली, आणि १९९२मध्ये कॅटलान दूरचित्रवाणीने निन यांच्या खुनावरचा माहितीपट त्या कागदांच्या आधारे दाखवला.

तीनच वर्षांनी ‘लँड अँड फ्रीडम’ आला. त्याचे लेखक जिम ॲलन मँचेस्टरचे. खाणीत आणि बांधकामावर राबलेले, पिंडाने त्रॉत्स्कीवादी. लोच यांच्यासाठी त्यांनी १९७५मध्ये ‘डेज ऑफ होप’ ही मालिका लिहिली होती. १९२६चा ब्रिटिश सार्वत्रिक संप पुढाऱ्यांनी कसा विकला, हा तिचा शेवट. ॲलनच्या लेखी स्पेन ही त्याच कथेची रक्तबंबाळ आवृत्ती होती. ऑर्वेल चिठ्ठीने पोउममध्ये पोचला; ॲलन मात्र आधीपासूनच त्या बाजूचे. चित्रपटाची सगळी ताकद आणि सगळी मर्यादा या फरकात आहे.

ताकद दिसते ती मधल्या सभेत. गाव मुक्त झालंय, जमीनदाराच्या घरात गावकरी आणि डेव्हिडच्या पोउम मिलिशियाचे लोक बसलेत. सगळी जमीन एकत्र करायची की ज्याची त्याला ठेवायची? दहा मिनिटांहून जास्त वेळ माणसं नुसती बोलतात. एकमेकांचं तोडत, मध्येच भाषांतर करत. स्वतःचा तुकडा राखलेला एक शेतकरी म्हणतो, मी जास्त राबतो, माझं मला ठेवू द्या. लॉरेन्स हा अमेरिकन म्हणतो, असल्या घोषणांनी बाहेरचे मित्र दुरावतील. शेवटी हात वर होतात. ऑर्वेलच्या पुस्तकात अशी सभा नाही. ती लोच आणि ॲलन यांची स्वतःची भर. युद्धपटात चकमकीला जेवढी जागा मिळते तेवढी इथे ठरावाला मिळाली आहे. पुढे लॉरेन्स सरकारी सैन्याच्या गणवेशात येऊन याच तुकडीची शस्त्रं काढून घेतो, तेव्हा तो अनोळखी खलनायक राहत नाही. सभेत त्याचं म्हणणं आपण ऐकलेलं असतं, थोडं पटलेलंही असतं.

मर्यादा इतिहासकारांनी दाखवली. पॉल प्रेस्टन यांचा आक्षेप असा, की ऑर्वेल आणि लोच यांच्यामुळे युद्धाच्या एका कडेची घटना मधोमध येऊन बसली. प्रजासत्ताक बुडालं ते मुख्यतः फ्रँको, हिटलर, मुसोलिनी आणि तटस्थ लोकशाही देशांमुळे. हा चित्रपट पाहून मात्र ते स्टालिनने बुडवलं असं वाटतं. स्पॅनिश कम्युनिस्टांचे जुने नेते सांतियागो कारियो यांनीही चित्रपटावर जाहीर टीका केली. कारियोंचा राग ओळखीचा होता. प्रेस्टन यांचा मुद्दा मात्र सहज झटकता येत नाही. डेव्हिडला गच्चीवरून जेवढं दिसलं तेवढंच युद्ध चित्रपटात आहे.

हा वंश तिथे थांबला नाही. मिलिशियातल्या एका छोट्या भूमिकेत पॉल लॅव्हर्टी नावाचा स्कॉटिश वकील होता. तोच पुढे लोच यांचा लेखक झाला आणि २००६मध्ये दोघांनी ‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’ केला. आता देश आयर्लंड, साल १९२२. ब्रिटिशांशी झालेला तह स्वीकारून थांबायचं, की पूर्ण स्वातंत्र्य आणि गरिबांचं राज्य येईपर्यंत लढायचं? तशीच सभा, तशीच गरमागरमी. फक्त एक बदल आहे, आणि तो मोठा आहे. तिथे चिठ्ठी नाही. समोरासमोर उभे आहेत ते सख्खे भाऊ, टेडी आणि डेमियन. एका घरात वाढलेले, एका तुकडीत लढलेले. थोरल्याच्या हुकमाने धाकट्याला गोळी घातली जाते. योगायोगाने चुकीच्या बाजूला गेलो, ही सबब डेव्हिडला आणि त्या मँचेस्टरवाल्याला निदान सांगता आली असती. या दोन भावांपुढे मात्र आपापली बाजू समजून-उमजून निवडल्याचा हिशेब उरतो.