लेसर दृष्टिसुधार शस्त्रक्रियेची पात्रता

लेसर दृष्टिसुधार शस्त्रक्रियेची पात्रता म्हणजे चष्म्याचा नंबर घालविण्यासाठी पारपटलावर (कॉर्नियावर) लेसर शस्त्रक्रिया करणे एखाद्या व्यक्तीसाठी सुरक्षित व उपयुक्त आहे किंवा नाही, याविषयीचा वैद्यकीय निर्णय होय. ही शस्त्रक्रिया बहुधा निरोगी डोळ्यावर केली जाते, तिला चष्म्याचा पर्याय असतो आणि काढलेली ऊती परत मिळत नाही. त्यामुळे ती कोणावर करू नये, हे ठरविण्यास विशेष महत्त्व आहे.

कार्यतत्त्व

डोळ्यातील प्रकाशाचे सुमारे दोन तृतीयांश अपवर्तन पारपटलामुळे होते. एक्सायमर लेसर पारपटलाचे अतिसूक्ष्म थर काढून त्याची वक्रता बदलतो. या लेसरचा ऊतींवरील परिणाम रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन व सॅम्युएल ब्लम यांनी १९८१ मध्ये आय.बी.एम. या कंपनीत शोधला. लॅसिक पद्धतीत पारपटलाची पातळ झडप उचलून तिच्याखालील ऊती काढतात. पीआरके पद्धतीत झडप नसते. पृष्ठभागावरील पेशींचा थर काढून लेसर वापरतात. तीत वेदना अधिक होतात व दृष्टी सावकाश सुधारते.

पात्रतेचे निकष

वय व नंबरची स्थिरता : वय किमान १८ वर्षे असावे आणि मागील वर्षभरात नंबर ०.५ डायऑप्टरपेक्षा अधिक बदललेला नसावा. नंबर वाढत असताना केलेल्या शस्त्रक्रियेनंतरही तो वाढतच राहतो.

पारपटलाची जाडी : सरासरी जाडी सुमारे ५४० मायक्रॉन असते. लॅसिकमध्ये झडपेसाठी सुमारे ११० मायक्रॉन आणि प्रत्येक डायऑप्टरसाठी साधारणतः १२ ते १५ मायक्रॉन ऊती खर्च होते. झडपेखाली किमान २५० मायक्रॉन ऊती उरावी, असा संकेत आहे. अनेक शल्यचिकित्सक ३०० मायक्रॉनचा आग्रह धरतात. ५४० मायक्रॉन जाडी व उणे ५ नंबर असल्यास ३५५ ते ३७० मायक्रॉन उरतात; परंतु ४८० मायक्रॉन जाडी व उणे ९ नंबर असल्यास २३५ ते २६२ मायक्रॉनच उरतात. म्हणून एकाच नंबरच्या दोन व्यक्तींना वेगवेगळा सल्ला मिळू शकतो.

पारपटलाचा आकार : शंकुपारपटल (केराटोकोनस) या विकारात पारपटल पातळ होऊन पुढे फुगते. त्याची प्रारंभिक अवस्था चष्म्याच्या साध्या तपासणीत लक्षात येत नाही. त्यासाठी पारपटलाचा आकृतिनकाशा (टोपोग्राफी) काढतात. असा डोळा लॅसिकने अधिक दुर्बल होऊन दृष्टी बिघडू शकते.

इतर बाबी : तीव्र कोरडे डोळे, डोळ्यातील नागीण, अनियंत्रित मधुमेह व काही स्वप्रतिरक्षित विकार यांत शस्त्रक्रिया टाळतात. गर्भावस्था व स्तन्यपान काळात ती पुढे ढकलतात.

पूर्वतपासणी

स्पर्शभिंगांमुळे पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो. त्यामुळे तपासणीपूर्वी मऊ भिंगे सुमारे दोन आठवडे, तर कडक भिंगे तीन ते चार आठवडे बंद ठेवावी लागतात. बाहुली विस्फारून दृष्टिपटलही तपासतात.

मर्यादा व दुष्परिणाम

शस्त्रक्रियेने नंबर जातो, पण निकटदृष्टितेमुळे लांब झालेला नेत्रगोल तसाच राहतो. त्यामुळे दृष्टिपटल सुटण्याचा धोका कायम असतो. चाळिशीनंतरची वृद्धदृष्टिताही टळत नाही. उणे नंबर असलेली जी व्यक्ती चष्मा काढून सहज वाचत असे, तिला नंतर वाचनासाठी चष्मा लागू शकतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ‘प्राउल’ अभ्यासात, पूर्वी दृष्टिविषयक लक्षणे नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत व्यक्तींनी तीन महिन्यांनंतर दिव्याभोवती वलय दिसणे, चकाकी यांसारखे किमान एक लक्षण नोंदविले. पूर्वी कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत व्यक्तींना तो जाणवला. मात्र दैनंदिन कामात फार अडचण येणाऱ्यांचे प्रमाण १ टक्क्याहून कमी होते. रात्री वाहन चालविणाऱ्यांनी हे दुष्परिणाम विशेष विचारात घेणे आवश्यक असते.

पर्याय व नोंदी

पारपटल पातळ पण निरोगी असल्यास पीआरके, तर नंबर फार मोठा असल्यास डोळ्यात बसविण्याचे भिंग सुचविले जाते. लेसरनंतर नेत्रदाब प्रत्यक्षाहून कमी मोजला जाऊ शकतो आणि मोतीबिंदूच्या वेळी कृत्रिम भिंगाचे गणित अवघड होते. म्हणून मूळ नंबर, पारपटलाची जाडी व वक्रता यांच्या नोंदी आयुष्यभर जपून ठेवणे हिताचे असते.