कूर्चाक्षती : उपचार व पुनर्वसन
सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत कूर्चेला झालेली इजा किंवा तिची झीज. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने ती आपणहून क्वचितच भरून येते. नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, हे शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये नोंदवले. अपघात, स्थूलता, वाढते वय ही प्रमुख कारणे (पाहा : संधिवात). हिवरखेडसारख्या (ता. तेल्हारा, जि. अकोला) शेतीप्रधान भागांत निंदणाच्या कामात तासन्‌तास उकिडवे बसल्याने गुडघ्यांवर विशेष ताण येतो.

सौम्य क्षतीत वजन घटवणे, व्यायाम व वेदनाशामके पुरतात. सूक्ष्मछिद्रण शस्त्रक्रियेत कूर्चेखालील हाडाला बारीक छिद्रे पाडतात. मज्जेतील पेशींपासून तेथे तंतुकूर्चा तयार होते, मात्र ती मूळ कूर्चेइतकी टिकाऊ नसते. रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून रोपण करण्याची पद्धत स्वीडनमध्ये विकसित झाली. तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. संपूर्ण सांधा झिजल्यास कृत्रिम सांधा बसवतात (पाहा : सांधेरोपण).

शस्त्रक्रियेइतकेच पुनर्वसन निर्णायक असते. प्रारंभी कुबड्यांच्या आधाराने पायावर मर्यादित भार, सांध्याची हालचाल, मग मांडीच्या स्नायूंचे बळकटीकरण असा क्रम कित्येक महिने चालतो. श्रमाच्या कामावर परतणे सर्वांत शेवटी येते. शेतमजुरांना एवढी सवड मिळणे कठीण असते (पाहा : भौतिकोपचार).