समांतर संगणनातील फ्लोटिंग पॉइंट बेरीज

समांतर संगणनात तोच प्रोग्रॅम त्याच माहितीवर पुन्हा चालवला असता फ्लोटिंग पॉइंट बेरजेची उत्तरे शेवटच्या काही अंकांत भिन्न येऊ शकतात. हा सहसा यंत्राचा दोष नसून बेरजेचा क्रम बदलल्याचा परिणाम असतो.

== कारण ==
आयईईई ७५४ (१९८५) या मानकानुसार दुहेरी अचूकतेच्या संख्येत सार्थ अंकांसाठी ५३ बिट, म्हणजे सुमारे १६ दशमान अंक, उपलब्ध असतात. प्रत्येक बेरजेचे उत्तर त्यांत मावणाऱ्या सर्वांत जवळच्या संख्येने दर्शवले जाते. त्यामुळे बेरजेचा साहचर्य गुणधर्म येथे टिकत नाही. उदाहरणार्थ, 'अ' म्हणजे एकावर सोळा शून्ये असलेली संख्या मानल्यास १ + (अ − अ) = १ येते, तर (१ + अ) − अ = ० येते.

समांतर संगणनात बेरीज अनेक प्रोसेसरांत विभागली जाते. प्रोसेसरांची संख्या बदलल्यास गट बदलतात. आंशिक बेरजा तयार होतील तशा मिळवल्यास त्यांचा क्रमही दर वेळी बदलतो.

== परिणाम ==
बहुतेक ठिकाणी हा फरक नगण्य असतो. हवामानाच्या प्रतिमानांत मात्र तो वाढत जातो. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ ही संख्या संगणकाला दिली, तेव्हा पुढील अंदाज पूर्णपणे बदलला. ते संगणन समांतर नव्हते; तरी सूक्ष्म फरकाचे सामर्थ्य त्यातून दिसले.

== उपाय ==
बेरजेचा क्रम व गट निश्चित ठेवल्यास त्याच यंत्रणेवर तेच उत्तर पुन्हा मिळते; मात्र वेग घटू शकतो. विल्यम काहान यांच्या पद्धतीने (१९६५) त्रुटी कमी होते. पुनरावृत्त उत्तर अचूक असेलच असे नाही. म्हणून उत्तरे ठरावीक मर्यादेत जुळतात का, हे तपासले जाते.