प्रदर्शक व्यवस्था (औद्योगिक परिषदांतील)

तंत्रज्ञानविषयक परिषदेला जोडून भरणाऱ्या प्रदर्शनासाठी पुरवठादारांना बोलावणे, त्यांना जागा नेमून देणे, त्यांचा माल वेळेत दालनात आणवणे आणि खरेदीदाराशी त्यांची गाठ घालून देणे, या सगळ्या कामाला प्रदर्शक व्यवस्था म्हणतात. परिषदेचा बराचसा खर्च प्रदर्शकांच्या भाड्यातून निघतो. तरीही आखणीत वक्त्यांचा विचार आधी होतो आणि प्रदर्शकांचा मागाहून, ही या क्षेत्राची जुनी खोड आहे.

चर्चा आणि मालाची मांडणी यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली, तर १९०४ च्या मुंबई काँग्रेसला जोडून औद्योगिक प्रदर्शन झाले. अलीकडच्या काळात गोरेगावचे नेस्को संकुल हे अशा प्रदर्शनांचे एक प्रमुख ठिकाण आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्याचा या विषयाशी संबंध येतो तो अंजनवेलच्या ऊर्जा प्रकल्पामुळे. खाडीपलीकडच्या दाभोळचे नाव लागलेला, एन्रॉनच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा प्रकल्प १९९९ मध्ये वीज देऊ लागला आणि २००१ मध्ये बंद पडला. २००५ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीने पुढे तो हाती घेतला. त्याला लागूनच असलेले द्रवरूप नैसर्गिक वायूचे टर्मिनल २०१३ मध्ये कार्यान्वित झाले. सध्या ते ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीच्या कोकण एलएनजी या उपकंपनीकडे आहे. लाटा अडवणारा बंधारा अपुरा असल्याने अनेक वर्षे पावसाळ्यात तेथे जहाजे लागत नसत. उणे १६२ अंश सेल्सिअस तापमानाचा वायू हाताळायचा म्हणजे खास झडपा, पंप, गॅस्केट, उष्णतारोधक आवरणे, मापनयंत्रे आणि अग्निशमनाची साधने सतत लागतात. ऊर्जा परिषदांतले बरेच स्टॉल याच वस्तूंच्या विक्रेत्यांचे असतात.

अशी मोठी परिषद कोकणपट्टीत भरली ती गोव्यात. ‘इंडिया एनर्जी वीक’चे दुसरे अधिवेशन ६ ते ९ फेब्रुवारी २०२४ या काळात दक्षिण गोव्यातील बेतूल येथे, ओएनजीसीच्या प्रशिक्षण संस्थेच्या आवारात झाले. नऊशेहून अधिक प्रदर्शक, कॅनडा, जर्मनी, नेदरलँड्स, रशिया, ब्रिटन व अमेरिका या सहा देशांची स्वतंत्र दालने आणि भारतीय लघुउद्योगांसाठी ‘मेक इन इंडिया’ दालन अशी तिची आखणी जाहीर झाली होती. कतारकडून २०२८ ते २०४८ या काळात दरवर्षी ७५ लाख टन द्रवरूप वायू घेण्याचा पेट्रोनेट एलएनजीचा करार याच परिषदेत झाला. मोठे करार आधीच ठरलेले असतात, व्यासपीठावर फक्त सह्या होतात. ज्याचे काहीच ठरलेले नसते आणि जो ओळख व्हावी म्हणून पैसे भरून येतो, तो लहान प्रदर्शक. व्यवस्थेची खरी कसोटी त्याच्याच स्टॉलवर लागते.

नेहमीचा लहान स्टॉल तीन मीटर बाय तीन मीटरचा, म्हणजे नऊ चौरस मीटरचा असतो. ॲल्युमिनियमच्या खांबांत बसवलेल्या तीन पांढऱ्या फळ्या, वर कंपनीच्या नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे आणि एक प्लग पॉइंट एवढे साहित्य भाड्यात मिळते. मोठे प्रदर्शक मोकळी जागा घेऊन स्वतःचा सुतार, रंगारी आणि इलेक्ट्रिशियन आणतात. मध्यम आकाराची एक पोलादी झडपही दोन माणसांना उचलावी लागते, आणि ती भाड्याच्या हलक्या टेबलावर ठेवली की टेबल वाकते. चालता पंप दाखवायचा तर थ्री फेज वीज, पाणी आणि पाण्याचा निचरा, तिन्ही लागतात. म्हणून वजन, विजेचा भार आणि चालत्या यंत्राची माहिती मागणारा तक्ता जागेच्या अर्जासोबतच भरून घ्यावा. उद्घाटनाच्या आदल्या रात्री मागितलेली जादा वीज महागही पडते आणि धोक्याचीही असते. ज्वालाग्राही वायू दालनात आणता येत नाही. त्यामुळे झडपांचे विक्रेते झडप उभी कापून आतली रचना उघडी दाखवणारा नमुना ठेवतात. जाणकार अभियंता माहितीपत्रक बाजूला सारून आधी तो नमुना न्याहाळतो.

जागावाटपात आयोजकाची नियत दिसते. दाराजवळचे आणि कोपऱ्यावरचे, दोन बाजू उघडे असलेले स्टॉल जास्त भाड्याने जातात, त्यात गैर काही नाही. मात्र लघुउद्योगांचे दालन मागच्या भिंतीला टाकून जेवणाची सोय दुसऱ्या टोकाला केली, तर तिकडे कोणी फिरकत नाही. चहा-जेवण लहान स्टॉलांच्या पलीकडे ठेवावे. पाहुण्यांची पावले आपोआप त्या वाटेने पडतात.

माल नेण्याचे कागद हा नवख्याला अडवणारा भाग. विक्रीसाठी नसलेल्या मालाला बीजक नसते, डिलिव्हरी चलन लागते. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतून गोव्याला पन्नास हजारांहून अधिक किमतीचा माल जाणार असेल, तर ‘प्रदर्शन’ हे कारण नोंदवून ई-वे बिल काढावे लागते. परदेशी प्रदर्शक यंत्रे परत नेण्याच्या अटीवर, ‘कार्नेट’ या तात्पुरत्या आयातीच्या दस्तऐवजावर आणतात. त्याने आयात शुल्क वाचते. भारतातून बाहेर जाणाऱ्या प्रदर्शकांना हे कार्नेट फिक्की ही उद्योगसंघटना देते.

गुहागर तालुक्यात शेकडो प्रदर्शकांना पुरेल असे कायमचे दालन नाही. येथे शोभणारा प्रकार म्हणजे विक्रेता विकास मेळावा: एका बाजूला खरेदी अधिकारी, दुसऱ्या बाजूला मोजके पुरवठादार. सूक्ष्म व लघुउद्योगांसाठीच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी या उद्योगांकडून करायची असते (आरंभी हे प्रमाण २० टक्के होते), आणि असे मेळावे घेणे हाही त्या धोरणाचाच भाग आहे. ज्या तालुक्याची जमीन प्रकल्पाला गेली, तिथल्या वर्कशॉपवाल्याला निविदेची भाषा समजावून सांगणारा खरेदी अधिकारी समोर बसलेला मिळाला, तर परगावच्या भपकेबाज स्टॉलपेक्षा ते जास्त उपयोगी पडते. मांडवात भरणारा मेळावा येथे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच घ्यावा. पुरवठादाराने उद्यम नोंदणी आणि ‘जेम’ या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची नोंदणी आधीच करून, कापीव नमुना बरोबर घेऊन यावे.