फलाटावरून शास्त्री भवनात

मंत्र्यांची कारकीर्द आपण बहुधा खात्यांवरून मोजतो. बोरीवलीच्या राम नाईक यांची कारकीर्द मोजायची, तर सुरुवात लोकलच्या फलाटापासून करावी लागते.

नाईक यांचा जन्म 1934 साली सांगलीत झाला, शालेय शिक्षण आटपाडीला आणि वाणिज्य शाखेची पदवी पुण्यात. नोकरीसाठी ते मुंबईत आले आणि गोरेगावला राहिले. त्या काळात उपनगर झपाट्याने वाढत होते, पण गाड्या पुरेशा नव्हत्या. 1964 साली त्यांनी गोरेगाव प्रवासी संघ स्थापन केला. 1969 मध्ये खासगी कंपनीतली चांगली नोकरी सोडून ते जनसंघाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. घरात लहान मुले असताना घेतलेला हा निर्णय सोपा नव्हता.

1978, 1980 आणि 1985 अशा तीन निवडणुकांत बोरीवलीने त्यांना विधानसभेत पाठवले. 1989 पासून सलग पाच वेळा ते उत्तर मुंबईचे खासदार झाले. तेव्हाचा हा मतदारसंघ खाडी ओलांडून वसईपर्यंत पसरलेला होता. संसदेत ‘जन गण मन’ आणि ‘वंदे मातरम्’ यांचे गायन 1992 साली सुरू झाले, त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. खासदारांना मतदारसंघातील कामांसाठी निधी मिळावा, ही मागणीही त्यांनी लावून धरली. ती योजना डिसेंबर 1993 मध्ये पंतप्रधान नरसिंह राव यांनी आणली.

1998 मध्ये वाजपेयी सरकारात ते रेल्वे राज्यमंत्री झाले आणि फलाटावरचा कार्यकर्ता रेल्वे भवनात जाऊन बसला. मुंबईच्या लोकलचे दुखणे जुनेच होते. गाड्या केंद्राच्या आणि प्रवासी राज्याचे, मग खर्च कोणी करायचा? जुलै 1999 मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले. त्यात रेल्वेचा वाटा 51 टक्के आणि महाराष्ट्राचा 49 टक्के. बोरीवली-विरार मार्गाचे चौपदरीकरण पुढे याच महामंडळाच्या प्रकल्पात झाले.

ऑक्टोबर 1999 पासून 2004 पर्यंत ते पेट्रोलियम मंत्री होते. गॅसच्या टाकीसाठी वर्षानुवर्षे थांबणाऱ्या घरांना जोडण्या मिळाल्या, कारगिलच्या शहिदांच्या कुटुंबीयांना पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सी देण्यात आल्या, 2003 पासून काही राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळू लागले. पण याच खात्याने त्यांना सर्वांत मोठे वादळही दाखवले. पंपांचे वाटप राजकीय लागेबांधे पाहून झाल्याच्या बातम्या 2002 च्या ऑगस्टमध्ये आल्या आणि वाजपेयींनी जानेवारी 2000 पासूनची सारी वाटपे रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने सरसकट रद्द करणे नामंजूर केले आणि बातम्यांत आलेली 413 प्रकरणे तपासायला निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली. ही निवड मंडळांमार्फत झाली होती हे खरे, पण खात्याच्या कारभाराचे उत्तर शेवटी मंत्र्यालाच द्यावे लागते.

मग आली 2004 ची निवडणूक. समोर काँग्रेसतर्फे अभिनेता गोविंदा. नाईक सुमारे 48 हजार मतांनी हरले. 2009 मध्ये संजय निरुपम यांच्याकडून ते सहा हजारांहून कमी फरकाने पराभूत झाले. ज्याने आयुष्यभर गाड्या, फलाट, पाणी यांचा पाठपुरावा केला त्याला उपनगराने असे का नाकारले? पडद्यावरची ओळख, सत्तापालटाची लाट, वाढत्या वस्तीतले नवे मतदार, अशी कारणे सांगितली जातात. मला वाटते, एक कारण साधे आहे. जी गाडी रोज मिळते, ती कोणी मिळवून दिली हे कोणी विचारत नाही.

नाईक यांची एक सवय मात्र पराभवानेही सुटली नाही. आमदार आणि खासदार असताना ते दरवर्षी आपल्या कामाचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवत. 2014 ते 2019 या काळात ते उत्तर प्रदेशचे राज्यपाल होते. 2024 साली त्यांना पद्मभूषण जाहीर झाला. राज्यपालाला मते मागायची नसतात, हिशेबही कोणी मागत नाही. तरी राजभवनातूनही त्यांनी दरवर्षी कार्यवृत्त काढले. आपल्या नगरसेवकाकडे, आमदाराकडे असा अहवाल आपण शेवटचा कधी मागितला, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.